खालून न पाहिलेली गाडी

औषध कंपनीत माझी सगळी नोकरी कागद तपासण्यात गेली. नियम काय सांगतो, आपल्या फाइलमध्ये काय आहे आणि दोन्हींत फट कुठे राहिली आहे, हे शोधायचं काम. मेरीलँडमध्ये राहून मी ते वर्षानुवर्षं केलं आणि चांगलं केलं. 2019 साली जपानहून जुनी मित्सुबिशी पजेरो मागवताना मी याच कौशल्यावर विसंबलो. त्यात जे चुकलं त्याला मला कुणी फसवलं असं म्हणता येणार नाही. मला कळायला हवं होतं ते सगळं माझ्यासमोर लिहून ठेवलेलं होतं.

गाडी कशासाठी हवी होती, ते आधी सांगतो. माझे वडील पाटबंधारे खात्यात जीप चालवायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पाटण तालुक्यातले कच्चे रस्ते, पावसाळ्यातला कुंभार्ली घाट, मागे बसलेले ओव्हरसियर आणि त्यांचे नकाशे, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. उजवीकडे स्टिअरिंग, डाव्या हाताशी गिअरचा दांडा आणि त्याच्या शेजारी फोर व्हीलचा छोटा दांडा, हे चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अमेरिकेत डावीकडे बसून चालवायची सवय झाली, पण ते चित्र गेलं नाही. मुलं शिकून बाहेर पडली, घराचं कर्ज फिटलं, तेव्हा मी ठरवलं की उजव्या स्टिअरिंगची, डिझेलची, खरी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घ्यायची.

अमेरिकेत अशी गाडी आणायची तर पंचवीस वर्षांचा नियम आहे. 1980च्या दशकात युरोपातल्या गाड्या परस्पर मागवून इथे विकण्याचा मोठा धंदा चालला होता. त्याला आळा घालायला 1988 साली कायदा झाला. अमेरिकेच्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी आता सहजासहजी आत येत नाही. मात्र ती बनून पंचवीस वर्षं झाली असतील, तर त्या मानकांतून तिला सूट मिळते. ही वर्षं मॉडेलच्या सालावरून मोजत नाहीत, बनल्याच्या महिन्यापासून मोजतात. महिना भरायच्या आधी जहाज बंदराला लागलं तर गाडी अडकते. प्रदूषणाचा नियम वेगळा. तिथे एकवीस वर्षांची अट आहे आणि इंजिन मुळातलं असावं लागतं. जकातीतही एक मेख आहे. प्रवासी गाडीला तेव्हा अडीच टक्के जकात होती, पण मालवाहू गाडीला पंचवीस टक्के. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर बसवला त्याला उत्तर म्हणून 1960च्या दशकात अमेरिकेने लावलेला हा कर आजही चालू आहे. जपानमध्ये पजेरो वॅगन म्हणूनही विकली जायची आणि मागची सीटं कमी करून मालवाहू व्हॅन म्हणूनही. मी चॅसी क्रमांकावरून वॅगनच आहे याची खात्री केली. बनल्याचा महिनाही त्याच क्रमांकावरून काढला: नोव्हेंबर 1993. सुरक्षा खात्याचा फॉर्म, पर्यावरण खात्याचा फॉर्म, जपानमधली नोंदणी रद्द झाल्याचा दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, कस्टम्सचा बाँड, हे सगळं मी गाडी विकत घेण्याआधीच तयार ठेवलं होतं. कस्टम्सचं काम करणाऱ्या दलालाने सांगितलं की इतकी व्यवस्थित फाइल त्याच्याकडे क्वचित येते. मला त्याचा आनंद झाला.

आता लिलावाच्या कागदाबद्दल. जपानमध्ये जुन्या गाड्यांचे व्यापाऱ्यांसाठी लिलाव चालतात आणि प्रत्येक गाडीबरोबर तपासनीसाने भरलेला एक कागद असतो. त्यावर एकंदर ग्रेड असते, आतल्या भागाची वेगळी ग्रेड असते आणि गाडीच्या रेखाचित्रावर खुणा असतात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजाने खाल्लेला पत्रा. शेजारचा आकडा तो दोष किती मोठा हे सांगतो. अपघातात सांगाडा दुरुस्त झाला असेल तर ग्रेडच्या जागी आर लिहितात. ही पद्धत प्रामाणिक आहे आणि जगभरचे लोक तिच्या भरवशावर गाड्या घेतात. माझ्या पजेरोला चार ग्रेड होती. पंचवीस वर्षांच्या गाडीला चार म्हणजे फारच चांगली. रेखाचित्रावर ओरखड्याच्या दोन-तीन खुणा होत्या, गंजाची एकही नव्हती.

पण रेखाचित्र वरून पाहिलेल्या गाडीचं असतं. खालच्या चौकटीत तपासनीसाने हाताने जपानीत दोन ओळी लिहिल्या होत्या. निर्यात करणाऱ्या एजंटाने मला सगळ्या कागदाचं भाषांतर पाठवलं, त्यात त्या ओळीही होत्या: एसी चालू, मागच्या दाराचं रबर जुनं, तळाला गंज. मी त्या वाचल्या. न वाचता पुढे गेलो असतो तर एक वेळ समजण्यासारखं होतं. मी वाचल्या आणि मनाशी म्हणालो, पंचवीस वर्षांच्या गाडीच्या तळाला थोडा गंज असणारच. ‘थोडा’ हा शब्द त्या कागदावर नव्हता. तो मी घातला.

दुसरी गोष्टही समोर होती. लिलाव साप्पोरोचा होता, म्हणजे गाडी होक्काइडोची. तिथे बर्फ अतोनात पडतो आणि रस्त्यावर बर्फ वितळवणारे क्षार टाकतात. मेरीलँडमध्ये राहणाऱ्या माणसाला हे नव्याने सांगायची गरज नाही, आमच्याकडेही तेच करतात. होक्काइडोच्या इतक्या डिझेल गाड्या लिलावात का दिसतात, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. नंतर समजलं. 2001 साली जपानने डिझेलच्या धुराबद्दलचा कायदा कडक केला आणि टोकियो, ओसाका, नागोयाच्या पट्ट्यात जुन्या डिझेल गाड्यांची नोंदणी टिकवणं अशक्य झालं. मग त्या परदेशात गेल्या, भंगारात गेल्या किंवा हा निर्बंध नसलेल्या भागात राहिल्या. होक्काइडो त्यातला एक भाग. वीस-पंचवीस वर्षं टिकलेली डिझेल फोर व्हील गाडी जपानमध्ये शोधायला गेलात, तर ती बर्फाच्या मुलखातच सापडण्याची शक्यता जास्त. एजंटाने तळाचे जादा फोटो पैसे भरून मिळतील असंही लिहिलं होतं. रक्कम अगदी किरकोळ होती. पण लिलाव दोन दिवसांवर आला होता आणि फोटोंसाठी थांबलो तर ही गाडी हातची जाईल असं मला वाटलं.

त्या आठवड्यात मी अण्णांना फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पजेरोचं नाव ऐकून त्यांना बरं वाटलं, कारण आपल्याकडे ही गाडी मोठ्या साहेबांची म्हणून ओळखली जायची. मग त्यांनी एकच विचारलं, “खाली झोपून कुणी बघितलीया का?” मी म्हणालो, “अण्णा, तिकडं तपासणीचा पक्का कागद असतो. चार ग्रेड आहे.” ते म्हणाले, “बरं.” त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि मीही त्या प्रश्नापाशी थांबलो नाही.

मी आणखी एक चौकशी केली आणि ती जास्त महागात पडली. धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये पजेरोची कामं व्हायची. मी भावाला विचारायला सांगितलं की टायमिंग बेल्टचं काय, जुनी गाडी घेताना तो बदलावा लागतो ना? मेस्त्रींनी निरोप दिला, या गाडीला बेल्ट नसतो, चेन असते, काळजी नको. त्यांचं चुकलं नव्हतं. हिंदुस्तान मोटर्सने भारतात विकलेल्या पजेरोला 2.8 लिटरचं इंजिन होतं, त्याला चेनच आहे. मी घेतलेल्या गाडीत मात्र त्याआधीचं 2.5 लिटरचं इंजिन होतं आणि त्याला बेल्ट आहे. कुठलं इंजिन ते मी मेस्त्रींना सांगितलंच नव्हतं. फाइलमध्ये प्रत्येक पानावर इंजिनचा प्रकार छापलेला होता, तरी प्रश्न विचारताना मी नुसतं ‘पजेरो’ म्हणालो. दिसायला गाडी तीच, त्यामुळे आतूनही तीच असं धरून चाललो. इथे अमेरिकेत हीच गाडी माँटेरो या नावाने विकली गेली, तेव्हा सुटे भाग मिळतील, हाही माझा असाच एक समज होता. पण त्या पिढीची माँटेरो इथे फक्त पेट्रोलवर आली. दारं, काचा, ब्रेकचे भाग मिळतात. इंजिनचं काही मिळत नाही.

गाडी पनामा कालव्यातून बाल्टिमोरला आली. तिथल्या डंडॉकच्या धक्क्यावर सुरक्षा कार्ड असलेल्या माणसाच्या सोबतीनेच आत जाता येतं, तसा गेलो. नव्या गाड्यांच्या रांगांच्या कडेला माझी पांढरी पजेरो उभी होती. मी वाकून खाली पाहिलं. तळ एकसारखा काळा, स्वच्छ, चकचकीत होता. मला समाधान वाटलं. निर्यातीच्या यार्डात जाण्याआधी कुणीतरी गंजावरच काळं कोटिंग मारलं होतं. काळा रंग पाहिल्यावर खाली काय आहे हे विचारायचं असतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. अण्णांना माहीत होतं, पण त्यांना मी तळाचा फोटो पाठवला नाही, गाडीचा समोरून काढलेला पाठवला.

मेरीलँडमध्ये तेव्हा वीस वर्षांवरच्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ नंबर प्लेट घेता यायची. रोजच्या वापरावर बंधनं होती, पण सुरक्षा तपासणीतून सूट होती. कागदांच्या दृष्टीने मी अगदी सोयीचा मार्ग निवडला. त्याचा परिणाम असा की जपानमधल्या शेवटच्या तपासणीपासून माझ्या दारापर्यंत आणि त्यानंतरही, गाडीच्या तळाखाली टॉर्च घेऊन कुणीच गेलं नाही.

तो उन्हाळा मात्र सुखाचा गेला आणि ते सांगितलं नाही तर हा हिशेब खोटा ठरेल. गाडी उत्तम चालत होती. डाव्या हाताने गिअर टाकताना मला लहान झाल्यासारखं वाटायचं. फोर व्हीलचा दिवा मधूनच लुकलुकायचा. या गाड्यांमध्ये पुढचा ॲक्सल जोडणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्या चिरतात, ते मी वाचून स्वतः दुरुस्त केलं आणि त्यामुळे गाडी आपल्याला कळली असा माझा समज झाला.

ऑक्टोबरात आम्ही शेनांडोआला गेलो. पानगळीचे रंग पाहायला तिथल्या स्काईलाइन ड्राइव्हवर गर्दी असते. माझा एक जुना मित्र, त्याची बायको आणि त्यांची दोन मुलं दुसऱ्या गाडीतून आली होती. मुलांना पजेरोच्या मागच्या घडीच्या सीटवर बसायचं होतं. ती दिवसभर आमच्याबरोबर होती. डोंगराची वळणं, उतार, बाजूला दरी. संध्याकाळी परतताना हायवेवर इंजिन एकदम बंद पडलं. खडखडाट नाही, धूर नाही. गाडी मी कशीबशी कडेला घेतली. मुलांना कठड्यापलीकडे गवतात उभं केलं. बेल्ट तुटला होता.

दोन दिवसांनी गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवली. मेस्त्रीने आधी इंजिनचं सांगितलं: रॉकर तुटलेत, काही व्हॉल्व्ह वाकलेत, हेड उतरवावं लागेल. मग तो मला खाली घेऊन गेला. मागच्या ॲक्सलला पुढून धरून ठेवणारे दोन दांडे चॅसीला जिथे जोडलेले असतात, तिथे त्याने पेचकस टेकवला आणि अंगठ्याने दाबला. काळं कोटिंग फाटलं आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. आतून तांबडा भुगा पडला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. पजेरोची चॅसी पेटीसारखी बंद असते. तिच्यातून पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, ती चिखलाने बुजली होती. क्षार आणि पाणी आत साठून पत्रा आतून खात आलं होतं. वरून मारलेल्या कोटिंगने आतला ओलावा आतच ठेवला. तो म्हणाला, हा जोड चालत्या गाडीत सुटला असता तर मागचा ॲक्सल तिरका झाला असता आणि मग स्टिअरिंगचा काही उपयोग नव्हता.

मुलं त्या जोडाच्या वर बसली होती, दिवसभर, डोंगरात.

इंजिनच्या खोलीत एक पांढरं स्टिकर होतं. ते मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं आणि तिकडच्या एखाद्या गॅरेजची जाहिरात असेल म्हणून सोडून दिलं होतं. त्या दिवशी फोनच्या कॅमेऱ्याने त्याचं भाषांतर केलं. टायमिंग बेल्ट बदलला, हेसेई 13, मीटर 98 हजार. हेसेई 13 म्हणजे 2001. एक लाख किलोमीटर झाले की या गाडीत बेल्टचा दिवा लागतो. बेल्ट बदलल्यावर तो नव्याने शून्यावर आणतात, म्हणून तो माझ्याकडे कधी लागला नाही. बेल्ट फार चालला नव्हता, पण रबर अठरा वर्षांचं झालं होतं.

यानंतर मी जे केलं ते मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागतं. मित्राला सांगितलं की बेल्ट तुटला, अशा गाड्यांत होतं. चॅसीचं सांगितलं नाही. दिवाळीचा फराळ त्यांच्या घरी झाला, थँक्सगिव्हिंग गेलं, मुलांनी विचारलं काका गाडी कधी येणार, तरी सांगितलं नाही. मी स्वतःशी म्हणत होतो की आता धोका टळला आहे, उगाच कशाला. खरं कारण ते नव्हतं. घेतानाच तळाला गंज आहे हे मला माहीत होतं, आणि ते माहीत असताना मी त्यांची मुलं मागे बसवली, हे मला बोलून दाखवायचं नव्हतं. बायकोने मला एकदाच विचारलं, “त्यांना सांगितलंस?” मी नाही म्हणालो. तिने मग मला सांगायला लावलं नाही, पण त्या घरी जायचं ती टाळायला लागली.

जानेवारीत गावी गेलो. अण्णांना फोनवर रॅम्पवरचे फोटो दाखवले. चष्मा लावून त्यांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, भोकं कुठं होती, मधली का कडेची? पत्रा किती जाड? माझ्याकडे उत्तरं नव्हती. मग ते सांगत राहिले. पावसाळा संपला की ते जीप चढावर उभी करून तारेने चॅसीची सगळी भोकं मोकळी करायचे, पाणी मारायचे आणि हातोडीने टोले देत पुढून मागे जायचे. कुठे आवाज बद्द आला की तिथे खडूची खूण. मी लहानपणी तो टोल्यांचा आवाज दरवर्षी ऐकला होता, ते काय करताहेत हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, तिकडे वेल्डिंग करणारा एक जण पट्टी मारून देतो म्हणतो, स्वस्तात होईल. त्यांनी फोन खाली ठेवला. “पट्टी कुजक्याला धरत न्हाई. सगळा तुकडा काढून नवा घालायचा, न्हाईतर मोडायची. आणि इकायची असंल तर घेणाऱ्याला आधी खाली झोपव.”

परत आल्यावर मित्राकडे एकटा गेलो आणि लिलावाच्या कागदापासून सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याची बायको म्हणाली, “तुम्ही बेल्टचं सांगितलं तेव्हाच हे सांगायला हवं होतं.” आमचं येणं-जाणं तुटलं नाही, पण पूर्वीसारखं राहिलं नाही. मुलं माझ्या दुसऱ्या गाडीतही फारशी बसली नाहीत. मला त्यात गैर वाटत नाही.

चॅसीचे तुकडे काढून नवे घालायला आणि इंजिनचं हेड करायला जो आकडा आला, तो गाडी बाल्टिमोरच्या धक्क्यावर येईपर्यंत झालेल्या सगळ्या खर्चापेक्षा मोठा होता. पट्टी मारून, हेड करून, काळं कोटिंग पुन्हा मारून ती मला चांगल्या किमतीला विकता आली असती. उजव्या स्टिअरिंगच्या पजेरोला गिऱ्हाईक होतं, दोघांनी फोटो पाहूनच आगाऊ पैसे द्यायची तयारी दाखवली. मी ती सुट्या भागांसाठी म्हणून काढली. पेनसिल्व्हेनियातला एक तरुण आला. माझ्याशी बोलायच्या आधी तो अंगणातल्या ओल्या सिमेंटवर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. बाहेर आल्यावर त्याने सांगितलेली किंमत फारच थोडी होती आणि योग्य होती. विक्रीच्या कागदावर मी स्वतः लिहिलं: चॅसी दोन्ही बाजूंनी मागच्या जोडापाशी कुजलेली आहे, रस्त्यावर चालवण्यास अयोग्य. खाली दोघांनी सही केली. एकच अट घातली की चॅसी कापायची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. गिअरबॉक्स, सीटं, दारं, काचा त्याने त्याच्या आणि इतरांच्या गाड्यांना लावल्या. चॅसी कापल्याचे फोटो त्याने काही आठवड्यांनी पाठवले. ते मी आधी मित्राच्या बायकोला पाठवले, मग अण्णांना.